झुडपी जंगलात शिकारी पक्ष्यांची संख्या कशावर अडते, हे शोधायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरची एमएस्सी झूलॉजीची एक विद्यार्थिनी आहे, तिला काटोल-कोंढाळी पट्ट्यातल्या झुडपी जंगलात डिझर्टेशन करायचंय. तिथे शिकारी पक्षी कमी दिसतात, तर ते भक्ष्य कमी म्हणून, घरट्याला जागा नाही म्हणून की माणसांच्या त्रासामुळे, हे तिला शोधायचंय. गाइडनी सांगितलंय की रस्त्याने ट्रान्सेक्ट घे, म्हणजे ठरलेल्या रेषेने जात पक्षी मोज, झाडोऱ्याची टक्केवारी काढ आणि दोघांचं कोरिलेशन लाव, म्हणजे दोन्ही आकडे सोबत वाढतात-घटतात का ते पाहा. एवढ्यात उत्तर मिळेल का, असं ती विचारते.

नाही मिळणार. आणि हे मी तुम्हाला नाउमेद करायला सांगत नाही, उलट विषय इतका चांगला निवडलाय की तो अशा पद्धतीने वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं. कोरिलेशनमधून पक्षी कुठे बसतात ते कळतं, ते कशामुळे वाढत नाहीत ते कळत नाही. आता कापशीचंच, म्हणजे ब्लॅक-विंग्ड काइटचंच घ्या. रस्त्याकडेच्या विजेच्या तारेवर कापशी हमखास दिसते, कारण तिला वरून खाली उंदरावर नजर ठेवायला तार सोयीची आणि तुम्हीही त्याच रस्त्यावरून जाऊन राहिलात. मग डेटा म्हणणार की रस्ता जवळ असला की कापशी जास्त. तिकडे शिक्रा बाभळीच्या आत गप्प बसलेला असतो, तो तुम्हाला दिसतच नाही, आणि सापमार गरुड दहा-अकरानंतर उन्हं तापून हवा वर उठायला लागली की आकाशात येतो, म्हणजे सकाळी सातच्या ट्रान्सेक्टमध्ये तो जवळजवळ नाहीच. तीन पक्ष्यांचे तीन आकडे, आणि तिन्ही आकडे पक्ष्यांपेक्षा तुमच्या पद्धतीबद्दल जास्त सांगतात.

म्हणून सगळ्यात आधी हे ठरवा की नेमकं काय अडतंय असं तुम्हाला विचारायचंय. जोड्या किती राहतात, त्यातल्या किती जोड्या अंडी घालतात, किती पिल्लं उडतात आणि मोठे झालेले पक्षी वर्षाला किती मरतात, हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि चौघांना अडवणारी गोष्ट वेगवेगळी असू शकते. स्कॉटलंडमध्ये गोल्डन ईगलवर झालेल्या कामात हे फार स्वच्छ दिसलं होतं. तिथे एका भागात जोड्या किती दाट राहतात ते मेलेल्या ढोरा-मेंढ्यांच्या मांसाशी जुळत होतं, पण पिल्लं किती निघतात ते जिवंत भक्ष्याशी, म्हणजे ससे आणि ग्राउस पक्ष्यांशी. एकच पक्षी, एकच डोंगर, दोन प्रश्न आणि उत्तरं दोन. आता कोणी नुसतं विचारलं की तिथे गोल्डन ईगल कशावर अडतो, तर उत्तर काय द्यायचं?

दुसरं म्हणजे आपली जागा नीट समजून घ्या. नागपुरात पाऊस सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा थोडा वरच पडतो, म्हणजे पावसाच्या हिशोबाने हे वाळवंट नाही. पण नागपूरच्या पश्चिमेला बेसाल्टचा दगड आहे, टेकडीवर माती वीतभरही नाही, नुसता मुरूम, पाणी टिकत नाही, वर गुरं चरतात आणि सरपण तुटतं, त्यामुळे तिथे बोर, हेंकळ, भराटी, हिवर, खैर, तरवड, घाणेरी आणि खाली कुसळी गवत एवढंच उभं राहतं. पूर्वेकडे भंडाऱ्याच्या बाजूला खडक वेगळा, शिवारात धानाच्या बोड्या, म्हणजे छोटी तळी, तिथली झुडपं वेगळी. म्हणून नागपूर जिल्ह्याचं झुडपी जंगल असं एकच धरून सँपल काढू नका, पश्चिमेचा बेसाल्ट पट्टा घेतला तर तोच धरून राहा.

आणि झुडपी जंगल ही आपल्या पूर्व विदर्भात नुसती बोलायची गोष्ट नाही, ती महसुली रेकॉर्डमधली नोंद आहे, जुन्या मध्य प्रांतापासून चालत आलेली. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने या जमिनी वनजमीनच मानायच्या असा निकाल दिला. तुमच्या कामाला याचा उपयोग असा की सातबाऱ्यावरून आणि वनविभागाच्या नकाशावरून तुम्हाला तुकडे मिळतात, कुठला मोठा सलग आहे, कुठला चारही बाजूंनी संत्र्याच्या बगिच्यात अडकलाय, कुठे प्लॉट पडलेत. असा उतरता क्रम तयार मिळाला तर तो डिझाइनमध्ये वापरायचाच.

आता मुख्य गोष्ट. शिकारी पक्ष्यांच्या संख्येबद्दल इयान न्यूटन या ब्रिटिश पक्षीशास्त्रज्ञाने एक विचार मांडलाय, तो आजही या अभ्यासाचा पाया आहे. माणसाने मारलं नाही आणि विषबाधा नसली तर एखाद्या भागात घरटी करणाऱ्या जोड्यांची संख्या भक्ष्य किंवा घरट्याच्या जागा, यातलं जे आधी कमी पडेल त्यावर ठरते. ऐकायला सोपं आहे पण यात एक अट लपलीये, की जे कमी पडतंय ते तुम्ही वाढवलं तर जोड्या वाढल्या पाहिजेत, आणि जे मुबलक आहे ते वाढवून काहीच फरक पडला नाही पाहिजे. म्हणजे हा विचार तपासता येतो.

कोरड्या झुडपी प्रदेशात हे सगळ्यात चांगलं कुठे पाहिलं गेलं तर अमेरिकेत आयडाहो राज्यात स्नेक रिव्हरच्या काठावर. तिथे नदीने खोल दरी कापलीये, दोन्ही बाजूंना उभे कडे आणि वर मैलोगणती सेजब्रश नावाची राखाडी झुडपं. कड्यात घरट्याच्या जागा भरपूर आणि वर पठारावर ससे नि खारी, म्हणून तिथे शिकारी पक्षी प्रचंड, इतके की १९९३ मध्ये तो भाग खास शिकारी पक्ष्यांसाठी राखीव केला गेला. तिथल्या अभ्यासकांनी १९७० च्या दशकापासून गोल्डन ईगलच्या त्याच त्या जागा वर्षानुवर्षं तपासल्या, सोबत जॅकरॅबिट नावाचे मोठे ससे दरवर्षी मोजले, सोबत हवामानही मांडलं. निघालं असं की राहणाऱ्या जोड्यांपैकी किती जोड्या अंडी घालणार ते सशांवर आणि त्या हिवाळ्याच्या कडकपणावर ठरतं, आणि घातलेल्या अंड्यांतून किती पिल्लं उडणार ते सशांवर आणि पिल्लं घरट्यात असतानाच्या कडक उन्हाच्या दिवसांवर ठरतं. सशांची संख्या साधारण दहाएक वर्षांत चढते-उतरते, म्हणून दोन-तीन वर्षांच्या डेटात हे कधीच दिसलं नसतं. पुढे तिथे मोठे वणवे लागले, सेजब्रश जळून त्याजागी बाहेरून आलेलं चीटग्रास गवत पसरलं, आणि सेजब्रशवर जगणाऱ्या सशांचा आसराच गेला. कडे तसेच उभे, घरट्याच्या जागा तेवढ्याच, पण झुडूप गेलं की खाणं गेलं.

हे मी एवढं लांबवून सांगतोय कारण आपल्याकडे परिस्थिती बरोबर उलटी असू शकते. आपल्या मुरमाड टेकड्यांवर कडे जवळपास नाहीत आणि मोठी झाडं तुटलेली, तर कदाचित खाणं आहे पण बसायला घर नाही. कदाचित म्हणतोय, कारण हेच तुम्हाला तपासायचंय.

भक्ष्याबद्दल पहिली काळजी वेळेची. मे २०२० मध्ये टोळधाड आली होती, आठवत असेल, काटोल-नरखेडच्या संत्र्यांवर टोळ बसले आणि रात्री फवारण्या झाल्या. तेव्हा अनेकांनी म्हटलं की भोवत्यांना, म्हणजे हॅरियरना, पर्वणी असेल. पण माँटेग्यूचा भोवत्या आपल्याकडे हिवाळी पाहुणा, टोळ-नाकतोडे हे त्याचं आवडतं खाणं खरं, पण मे महिन्यात तो इथे नसतोच, कझाकस्तानकडच्या गवताळ प्रदेशात घरटी करायला निघून गेलेला असतो. खाणं भरपूर आलं पण खाणाऱ्याच्या वेळेला आलं नाही. तुम्ही उंदीर ऑगस्टमध्ये मोजले आणि घरटी फेब्रुवारीत पाहिली तर तुमचंही हेच होईल.

दुसरी काळजी अशी की असलेलं भक्ष्य आणि हाती लागणारं भक्ष्य यात फार अंतर असतं. ऑक्टोबरात कुसळी कमरेएवढी वाढलेली असते, आत उंदीर-सरडे भरपूर, पण वरून काही दिसत नाही. डिसेंबरात गवत झोपतं, जनावरं चरून जातात, सोयाबीन निघून वावर उघडं पडतं, तेव्हा उंदीर तेवढेच किंवा कमीसुद्धा असतील पण कापशीला ते मिळतात. घाणेरी माजलेल्या टेकडीवर तर वर्षभर ऑक्टोबरच असतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी भक्ष्य मोजाल तेव्हा गवताची उंची आणि उघड्या जमिनीची टक्केवारी त्याच दिवशी लिहून ठेवा. हे नसेल तर भक्ष्याचा आकडा निम्माच कामाचा.

मोजायचं कसं, तर उंदरांसाठी शेतीखात्याची जुनी पद्धत उत्तम आहे. संध्याकाळी ठरलेल्या पट्ट्यातली सगळी बिळं मातीने बुजवायची आणि सकाळी किती उघडली ते मोजायचं, उघडली तेवढी चालू बिळं. सापळ्यांची भानगड नाही, खर्च नाही. नाकतोड्यांसाठी स्वीप नेट, म्हणजे गवतावरून फिरवायची जाळी, ठरलेले झटके आणि ठरलेली वेळ. सरड्यांसाठी ऊन चढल्यावर ठरलेल्या वेळात एका पट्ट्यातून हळू चालत दिसतील तेवढे मोजायचे, आणि त्यात गळ्याला पंखा असलेला छोटा सरडा वेगळा लिहा, कारण तो उघड्या मुरमाचा प्राणी आहे, झुडूप दाट झालं की तो जातो आणि तिसा (व्हाइट-आइड बझर्ड) नि खरुची (केस्ट्रेल) अशा पक्ष्यांचं एक खाणं जातं.

पक्षी काय खातो ते पाहायला लोक गोळ्या गोळा करतात, म्हणजे न पचलेलं केस-हाडांचं जे तोंडावाटे टाकतात ते. गव्हाणी घुबडाच्या गोळीत उंदराची कवटी जवळजवळ अख्खी मिळते, पण दिवसाच्या शिकारी पक्ष्यांचं पोट हाडं बरीच विरघळवतं, त्यांच्या गोळीवरून मोजलं तर छोटे प्राणी कमी भरतात. घरट्याखाली पडलेल्या अवशेषांवरून मोजलं तर पक्षी जास्त भरतात, कारण पिसं दिसतात आणि सरड्याचं काही उरत नाही. म्हणून जमलं तर लांबून स्कोपने घरट्यावर येणारं खाणं पाहा, तासाला किती आणि काय. हा आकडा मला सगळ्यात जास्त विश्वासाचा वाटतो. आणि घरट्यात शेवटचं छोटं पिल्लू मरतंय का तेही पाहा. खाणं कमी पडलं की आधी तेच जातं.

आता घरट्यांकडे येऊ. इथे मला जरा रेंगाळायचंय कारण आपल्या भागात हा मुद्दा फार कमी पाहिला गेलाय. ससाण्याच्या जातीचे पक्षी, म्हणजे लग्गड, तुरुमती, हे स्वतः घरटं बांधत नाहीत, कावळ्याचं नाहीतर घारीचं जुनं घरटं घेतात. म्हणजे त्यांच्यासाठी घरट्याच्या जागा मोजायच्या तर झाडं मोजून उपयोग नाही, कावळ्यांची जुनी, टिकून राहिलेली घरटी मोजावी लागतात, हाय टेन्शन टॉवरवरचीसुद्धा. शृंगी घुबड नाल्याच्या कापलेल्या काठावर, दगडाच्या खोबणीत जमिनीवरच अंडी घालतं, त्याला झाडच लागत नाही, त्याला लागतो कुत्रे पोचणार नाहीत असा काठ. सापमार गरुड छोट्याशा काटेरी झाडाच्या अगदी टोकाला घरटं करतो आणि मोरांगीला, म्हणजे बोनेलीच्या गरुडाला, मोठं झाड नाहीतर कडा लागतो. तेव्हा घरट्याच्या जागा कमी आहेत का हा प्रश्न जातीनुसारच विचारता येतो, शिकारी पक्षी असं एकत्र धरून नाही.

त्यातही तिसाचा विचार करा. हा आपल्या झुडपी जंगलाचा अगदी खास पक्षी, फेब्रुवारी ते मे घरटं. एप्रिलमध्ये काटोलकडे पारा ४३-४४ ला टेकलेला असतो. तेव्हा टेकडीवरच्या सालईला पान नसतं, पळसाला नवीन पान नुकतंच फुटत असतं, मोईन उघडी. सावली उरते ती आंब्याची, बाभळीची, कडुनिंबाची, आणि ही झाडं टेकडीवर नाहीत, ती पांधणीने, नाल्याने, धुऱ्यावर आणि देवळाजवळ आहेत. म्हणजे नकाशावर झाडं शंभर दिसली तरी उन्हाळ्यात पिल्लाला सावली देणारी पाच असतील, आणि तीही माणसाच्या वाटेवर. आयडाहोत कडक उन्हाच्या दिवसांनी गरुडांची पिल्लं कमी झाली हे वर सांगितलं, आणि आपलं ऊन त्यांच्यापेक्षा काही कमी नाही. म्हणून घरट्याच्या झाडाची नोंद करताना उंची आणि घेर तर लिहाच, पण एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता घरट्यावर सावली आहे का हे नक्की लिहा. सावलीची झाडं आणि खाण्याची टेकडी यांच्यात जितकं अंतर जास्त तितके तिसा कमी, असं निघालं तर ते अतिशय मोलाचं होईल, कारण त्यावर लगेच काहीतरी करता येतं, धुऱ्यावरची झाडं वाचवता येतात.

घरट्याच्या जागा अडवतात की नाही याची खरी परीक्षा प्रयोगानेच होते. नेदरलँड्समध्ये समुद्र हटवून केलेल्या सपाट जमिनीवर झाडंच नव्हती, उंदीर भरपूर, तिथे घरट्यासाठी पेट्या लावल्यावर खरुची झपाट्याने वाढल्या. अमेरिकेतल्या झाडं नसलेल्या गवत-झुडपाच्या प्रदेशात फेरुजिनस हॉक नावाच्या मोठ्या बझर्डसाठी खांबांवर प्लॅटफॉर्म लावले, तेही वापरले गेले. पण इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पेटी वापरली गेली म्हणजे पक्षी वाढले असं होत नाही. जुनी जोडी धुऱ्यावरची बाभूळ सोडून तुमच्या प्लॅटफॉर्मवर आली तर वाढ शून्य. संपूर्ण पट्ट्यातल्या जोड्या आधी मोजायच्या, मग जागा वाढवायच्या, मग पुन्हा मोजायच्या, आणि शेजारी एक पट्टा असा ठेवायचा जिथे काहीच करायचं नाही. हे एमएस्सीच्या वेळेत बसणार नाही, पण पीएचडीचं मनात असेल तर पहिलं वर्ष आधीच्या मोजणीचं म्हणून आजच वापरता येईल.

तिसरी बाजू मरणाची. हिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं कारण मेलेला पक्षी दिसत नाही. गिधाडांचं उदाहरण घ्या. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं ९९.९ टक्के कमी झाली. खाणं होतं, झाडं होती. कारण निघालं डायक्लोफिनॅक, म्हणजे ढोरांना देत असलेलं वेदनाशामक औषध, आणि हिशोब करून पाहिलं तर शंभरात एकापेक्षाही कमी मेलेल्या ढोरांत ते असलं तरी एवढी घसरण होऊ शकते असं दिसलं. हळू वाढणाऱ्या, वर्षाला एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्यात मोठ्यांचं मरण किंचित वाढलं तरी संख्या बसते. आपला सापमार गरुडही एकच अंडं घालतो. त्यामुळे त्याच्या बाबतीत पिल्लं किती निघाली हे मोजून तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे, आणि तिकडे मोठे पक्षी तारेवर मरत असतील.

तारेचं सांगतो. मोठ्या टॉवरच्या लाइनवर पक्षी आदळतात, पण शॉक लागतो तो बहुतेक ११ केव्ही, ३३ केव्हीच्या छोट्या खांबांवर, कारण तिथे दोन तारांमधलं किंवा तार आणि लोखंडी पट्टीमधलं अंतर मोठ्या पंखाला पुरतं. स्पेनमध्ये कॅटलोनियात मोरांगीच्या मरणाचं एक मुख्य कारण हेच निघालं, आणि तोही कोरडा झुडपी प्रदेशच. खांबांखाली शोध घ्यायचा तर ठरलेले खांब ठरलेल्या दिवशी पाहा, आणि आधी काही मेलेल्या कोंबड्या ठेवून पाहा की कुत्रे-कोल्हे-मुंगूस किती दिवसांत उचलतात, नाहीतर काही सापडलं नाही याचा अर्थ काही मेलं नाही असा होईल आणि तो खोटा असेल. नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरसारख्या ठिकाणी जखमी पक्ष्यांच्या नोंदी असतात, त्या मागून पाहा, पण संक्रांतीच्या आसपास नायलॉन मांजाने कापलेल्या घारीच जास्त येणार, कारण शहरात पक्षी पडला की कोणीतरी उचलतं, कोंढाळीच्या माळावर कोण उचलणार.

विषाचाही विचार सोडू नका, आपण कापसाच्या मुलखात आहोत. १९९० च्या दशकात अर्जेंटिनात शेतांवर नाकतोड्यांसाठी मोनोक्रोटोफॉस मारलं गेलं आणि ते नाकतोडे खाऊन स्वेन्सन्स हॉक हजारोंनी मेले. ते पक्षी उत्तर अमेरिकेतून हिवाळा काढायला आलेले, म्हणजे आपल्या भोवत्यांसारखेच पाहुणे, नाकतोडे खाणारेच. मोनोक्रोटोफॉस हे नाव विदर्भाला वेगळं सांगायला नको, २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणी करताना शेतकरी मेले तेव्हा ते सगळ्यांनी ऐकलं. आपल्या पक्ष्यांना काय होतं ते रक्ताचे नमुने न घेता सिद्ध करता येणार नाही आणि ते तुमच्या परवानगीत बसणार नाही, पण प्रत्येक पट्ट्याशेजारी पऱ्हाटी किती, फवारणी कोणत्या महिन्यात, उंदरांसाठी काय टाकतात, हे शेतकऱ्यांना विचारून लिहून ठेवा. ते मोकळेपणाने सांगतात, फक्त चौकशीला आल्यासारखं विचारू नका, बसा, चहा घ्या, मग विचारा.

मरणाचा अंदाज घ्यायची एक युक्ती मात्र तुम्हाला दुर्बिणीने करता येते. घरट्यावरच्या जोडीतले दोघंही पूर्ण वाढलेले आहेत का ते पाहा. मोरांगीत हे सोपं, मोठ्याचं पोट पांढरं नि त्यावर रेघा, पाठीवर पांढरा डाग, तरुण पक्षी खालून तांबूस. एखाद्या भागात तरुण पक्षीच जोडीत बसायला लागले तर समजावं की मोठे मरून राहिले आणि रांगेत उभे असलेले संपले. निरोगी भागात घर न मिळालेले मोठे पक्षी भटकत असतात, जोडीतला एक गेला की लगेच दुसरा येतो. जागा रिकामी राहते का, किती दिवस, हा आकडा कुठल्याही झाडोऱ्याच्या टक्केवारीपेक्षा जास्त बोलतो.

तर तुमच्या हातात एक सीझन आहे असं धरून मी काय करीन ते सांगतो. सगळे शिकारी पक्षी सोडून कापशी घेईन. बाभळीसारख्या मध्यम झाडावर घरटं, उघड्यावर शिकार, महिन्याभरात अंडी फुटतात आणि पुढच्या महिन्या-सव्वामहिन्यात पिल्लं उडतात, वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा घरटं करू शकते, म्हणजे उंदीर वाढले-घटले की तिचा प्रतिसाद एका सीझनमध्ये दिसायची शक्यता आहे. गरुडाचं तसं नाही. दोन बाय दोन किलोमीटरचे पट्टे पाडा, काही सलग झुडपी, काही संत्र्यात अडकलेले, काही सोयाबीन-तुरीच्या वावरातले, आणि ऑक्टोबर ते मार्च प्रत्येक पट्टा पुन्हापुन्हा पाहा. एकदाच जाऊन नाही दिसली म्हणजे नाही असं लिहू नका, त्याच पट्ट्यात अनेक फेऱ्या झाल्या की पक्षी असूनही न दिसण्याची शक्यता किती ते ऑक्युपन्सी मॉडेलने काढता येतं. रस्ता सोडून आत जा, उंचवट्यावर बसून पाहा.

घरटी सापडली की प्रत्येक भेटीची तारीख आणि अवस्था लिहा आणि यश मोजताना मेफिल्डची पद्धत वापरा, रोजची टिकण्याची शक्यता काढायची. कारण लवकर मोडलेली घरटी आपल्याला सापडतच नाहीत, सापडलेल्यांतली किती यशस्वी असा साधा भागाकार केला की यश नेहमी फुगतं. पिल्लू उडायच्या वयाच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंत पोचलं की यशस्वी धरा, तशी प्रथा आहे, म्हणजे तुमचे आकडे इतरांशी जुळवता येतील.

आणि फील्डवर जायच्या आधी कागदावर लिहून काढा, खाणं अडवत असेल तर मला काय दिसेल, घरट्याच्या जागा अडवत असतील तर काय, मरण अडवत असेल तर काय. खाणं असेल तर चालू बिळं जास्त तिथे जोड्या जास्त, अंडी लवकर, पिल्लं जास्त. जागा असेल तर बिळं भरपूर असलेल्या पण बाभळी तुटलेल्या पट्ट्यात कापश्या शिकारीला येतील पण घरटं करणार नाहीत. मरण किंवा त्रास असेल तर बिळं आहेत, बाभळी आहेत, मागच्या वर्षीचं घरटंही आहे, आणि जोडी नाही. ही तीन चित्रं एकमेकांपासून वेगळी आहेत, म्हणून पुराव्याने त्यातलं एखादं खोडता येतं. दोन कारणं एकत्र निघाली तरी चालेल, झुडपी पट्ट्यात एक आणि बगिच्याच्या पट्ट्यात दुसरं निघणं तर अगदी शक्य आहे.

हिवाळ्यात भोवत्ये दिसले तर त्यांची रात्रीची गवतातली बसण्याची जागा नक्की नोंदवा, पण त्यांच्यावर हा प्रश्न लावू नका. ते इथे कमी झाले तर कारण इथल्या गवतात असेल किंवा हजारो किलोमीटरवरच्या कझाकस्तानात, एका सीझनमध्ये ते वेगळं करता येत नाही.

परवानगीचं आत्ताच बघा. झुडपी जंगलाची जमीन वनविभागाकडे असेल तर त्यांची परवानगी लागते, आणि शिकारी पक्षी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, घरट्याला हात लावणं, पिल्लू मोजायला चढणं, काहीही परवानगीशिवाय नाही. राज्याच्या वन्यजीव विभागाचं मुख्य कार्यालय नागपुरातच सिव्हिल लाइन्सला आहे, ही तुमची सोय. अर्जात स्पष्ट लिहा की पक्षी पकडणार नाही, घरटं ५० मीटरच्या आत जाऊन पाहणार नाही, अंड्यांच्या काळात आणि भर दुपारी घरट्याजवळ थांबणार नाही, कारण तुम्ही जवळ गेलात म्हणून मादी उठली तर उन्हात थोड्या वेळातही पिल्लू जाऊ शकतं आणि कावळा तर टपलेलाच असतो. घरट्याचे जीपीएस पॉइंट कुठेही उघड टाकू नका, रिपोर्टमध्येसुद्धा तालुक्यापर्यंतच सांगा. अर्ज सप्टेंबरच्या आत दिला तर ऑक्टोबरची पहिली मोजणी हातची जाणार नाही, आणि बिळं बुजवायचं काम ज्यांच्या वावरात करणार त्या शेतकऱ्यांना सोयाबीन निघायच्या आधी भेटून या.